ऑनलाइन ब्रिटिश इंग्लिश बॅच: दारूड्यांचा तास एक नंबर, बाकी ठीकठाक

मी नांदेडला स्टाफ नर्स आहे, यूकेला जायचं म्हणून ओईटीची (नर्स-डॉक्टर लोकांची इंग्रजीची परीक्षा) तयारी चालू आहे, त्यासाठी हा महिन्याचा क्लास लावला, फी ३,५०० (नाव लिहीत नाही, उगं भांडण नको). पहिले दोन आठवडे तर पैसे पाण्यात गेले असंच वाटलं. आवाज तुटायचा, पीडीएफ एवढी बारीक की मोबाईलवर डोळे फुटतेत, अन् क्लास बरोबर लाइट जायच्या टायमाला.

तिसऱ्या आठवड्यात मात्र मॅडमनी पिलेल्या माणसाला तिकडचे लोक काय काय म्हणतात ते घेतलं. पॅरालिटिक, लेगलेस, प्लास्टर्ड, ट्रॉलीड, ब्लॅडर्ड. भाऊ बाजूला जेवत होता, म्हणला, "ताई, इंग्लिश शिकवायलेत का ऑर्थोचा वॉर्ड दाखवायलेत?" हसून हसून पोट दुखलं, कारण सगळ्याचा अर्थ एकच, लै ढोसलेला! आता बघा, रात्री २ वाजता कुणी येऊन "ही इज पॅरालिटिक" म्हणला असता तर मी लकवा समजून आधी डॉक्टरला फोन लावला असता. स्कॉटलंडमध्ये स्टीमिंग म्हणजे पण टाइट, मी वाफारा समजले होते. अर्थात नुसता पिलेला म्हणून सोडायचं नाही, शुगर उतरलेला माणूस पण तसाच बरळतो, हे आम्हाला नाइट ड्युटीनी आधीच शिकवलंय.

पिस्ड म्हणजे ब्रिटनमध्ये तर्र झालेला, अमेरिकेत चिडलेला, आणि शब्द जरा घाणच आहे, चार्टवर लिहायचा नाही. ब्राम्स अँड लिस्ट हे दोन संगीतकार, पण लिस्टचं यमक पिस्डशी जुळतं म्हणून लंडनच्या कॉकनी (पूर्व लंडनच्या कामगार वस्तीतल्या) लोकांनी त्या बिचाऱ्यांनाच दारूत ओढलं, म्हणजे "ब्राम्स अँड लिस्ट" म्हणलं की पिलेला. मला सगळ्यात आवडलं ते थ्री शीट्स टू द विंड. मी आपली चादर समजत होते, तर शीट म्हणजे जहाजाच्या शिडाची दोरी, त्या सुटल्या की शीड फडफडतं अन् जहाज डुलायला लागतं. म्हणजे आपलं टांगा पलटी घोडे फरार! थोडीच चढली असेल तर टिप्सी नाहीतर मेरी, एवढं सोपं.

हा तास परत बघायचा होता पण रेकॉर्डिंग १५ दिवसांनी बंद होतं, विचारलं तर म्हणले वेगळे पैसे पडतील. म्हणून ३ स्टार, त्यातले २ त्या एका तासाचे.