बाबांना घेऊन कँटनचं फुटबॉल हॉल ऑफ फेम, आणि सगळ्यात भारी रनिंग बॅक कोण?

ओहायोतल्या क्लीव्हलँडवरून आय-७७ हायवे धरून खाली यायचं, तासाभरात कँटन. हायवेवरूनच फुटबॉल उभा करून ठेवल्यासारखा घुमट दिसतो, तेच प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या (हातात बॉल घेऊन पळायचा तो, आपला पायाने खेळायचा नव्हे) थोर खेळाडूंचं म्युझियम. मी याआधी दोनदा गेलेय, पण ह्या वेळी बाबा कराडहून आले होते, त्यांना ह्या खेळातलं ओ की ठो माहीत नाही, कबड्डी मात्र तरुणपणी भरपूर खेळलेत, आणि खरं सांगते त्यांच्यामुळेच ही जागा मला पहिल्यांदा नीट बघता आली.

कँटनच का, तर १९२० साली ह्याच गावात एका गाड्यांच्या शोरूममध्ये मीटिंग होऊन ती लीग सुरू झाली जिला आज आपण एनएफएल (नॅशनल फुटबॉल लीग) म्हणतो. म्युझियम १९६३ चं. जुन्या जर्सी, हेल्मेट वगैरे आहेतच, छान आहेत, पण जायचं ते पुतळ्यांच्या दालनासाठी. अंधुक उजेड आणि प्रत्येक खेळाडूचा खांद्यापर्यंतचा ब्राँझचा चेहरा, निवड झाली त्या वर्षाच्या क्रमाने लावलेला. म्हणजे सगळे रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारे) एका ठिकाणी नाहीत, जिम ब्राऊन १९७१ मध्ये, वॉल्टर पेटन १९९३, बॅरी सँडर्स २००४, एमिट स्मिथ २०१०, एकाकडून दुसऱ्याकडे चालत जायचं आणि त्या चालण्यातच ह्यांतला सगळ्यात भारी कोण ही आमची चर्चा रंगली. मला हे फार आवडलं.

रनिंग बॅक म्हणजे काय तर बॉल छातीशी धरून समोरच्या अकरा जणांत घुसणारा. बाबा लगेच म्हणाले, म्हणजे चढाई. हो बाबा, फक्त इथे परत यायचं नसतं, जिथे पाडतील तिथपर्यंतचे यार्ड (एक यार्ड म्हणजे तीन फूट) मोजायचे आणि पुन्हा उठून घुसायचं.

जिम ब्राऊनसमोर आधी थांबलो, ओहायोत राहून त्याला टाळता येतच नाही. १९५७ ते १९६५, नऊ सीझन क्लीव्हलँडसाठी, त्यातल्या आठ सीझनमध्ये लीगमधले सगळ्यात जास्त रनिंग यार्ड त्याचेच, एकही मॅच चुकवली नाही. ११८ मॅचमध्ये १२,३१२ यार्ड, मॅचला १०४ च्या वर, आणि अख्ख्या करिअरची सरासरी शंभराच्या वर असलेला आजपर्यंत तो एकटाच आहे. आणि हे सगळं सीझनला १२ नाहीतर १४ मॅच असायच्या त्या काळात, आज १७ असतात. पाडल्यावर तो दर वेळी मुद्दाम सावकाश उठायचा, सावकाश चालत परत जायचा, म्हणजे खरंच लागलंय की नाही ते समोरच्यांना कधी कळायलाच नको. हे ऐकून बाबा खूश, म्हणाले पकड झाल्यावर आम्ही पण तोंडावर काही दिसू द्यायचो नाही. मैदानाबाहेर बायकांना मारहाण केल्याचे आरोप त्याच्यावर अनेकदा झाले, तेही मी बाबांना सांगितलं, पुतळ्यासमोर उभं राहून अर्धीच गोष्ट सांगायला मला नाही आवडत.

बॅरी सँडर्स बाबांना फोनवर दाखवला आणि तिथेच पाच मिनिटं गेली. उंची पाच फूट आठ इंच, चार जणांनी कोंडलंय असं वाटतं आणि पुढच्या क्षणाला हा भलत्याच बाजूने बाहेर. डेट्रॉइटसाठी दहा सीझन, १५,२६९ यार्ड, एकट्या १९९७ मध्ये २,०५३. टचडाऊन केला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला, की नाच नाही, काही नाही, बॉल गुपचूप रेफ्रीच्या हातात. १९९९ मध्ये पेटनचा तेव्हाचा सगळ्यात जास्त यार्डांचा रेकॉर्ड जेमतेम १,४५७ यार्डांवर असताना गावच्या पेपरला फॅक्स पाठवून रिटायर झाला. बघायला ह्याच्याइतका सुंदर कोणीच नाही, पण तो मागे पळत जाऊन यार्ड घालवायचाही, आणि तीन यार्ड मिळवायलाच लागतात तेव्हा ते महागात पडतं.

एमिट स्मिथचे १८,३५५ यार्ड, सगळ्यात जास्त. त्याच्यापुढे डॅलसची जबरदस्त लाइन (समोरच्यांना अडवून वाट करून देणाऱ्यांची फळी) होती म्हणून त्याला कमी लेखतात, थोडं खरंही आहे, पण जानेवारी १९९४ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध खांद्याचा सांधा निखळलेला असताना तो ओव्हरटाइमपर्यंत खेळला, १६८ यार्ड धावला आणि मॅच जिंकून दिली. ते नुसत्या लाइनच्या जोरावर होत नाही.

पण माझं मत विचाराल तर वॉल्टर पेटन. शिकागोसाठी १३ सीझन, पूर्ण करिअरमध्ये एकच मॅच चुकली. १६,७२६ यार्ड म्हणजे सव्वापंधरा किलोमीटर, आणि ते ३,८३८ वेळा बॉल घेऊन. एवढ्या वेळा अंगावर माणसं झेलायची आणि पुन्हा जागेवर येऊन उभं राहायचं. बाजूची रेषा ओलांडून सुटता येत असतानाही हा तसं न करता पाडायला येणाऱ्यालाच जाऊन धडकायचा. १९७७ मध्ये फ्लू अंगात असताना मिनेसोटाविरुद्ध २७५ यार्ड काढले, तेव्हाचा एका मॅचचा रेकॉर्ड. वर ४९२ कॅच, स्वतः फेकलेले आठ टचडाऊन पास, आणि बॉल दुसऱ्याकडे असला की त्याच्यासाठी समोरच्यांना अडवायला हाच सगळ्यात पुढे. ब्राऊन ताकदीने मोठा असेल, सँडर्स चपळाईने, पण रनिंग बॅकचं सगळंच्या सगळं काम मला पेटनमध्ये दिसतं. १९९९ मध्ये यकृताच्या आजाराने ऐन चाळिशीत गेला. तिथे उभं राहिलं की मला दर वेळी गलबलून येतं.

जाणार असाल तर मॅरियन मॉटली चुकवू नका, लोक त्याच्यासमोरून सरळ निघून जातात. १९४६ मध्ये प्रो फुटबॉलचे दरवाजे कृष्णवर्णीय खेळाडूंना पुन्हा उघडले तेव्हाच्या चौघांतला एक, आणि शाळा ह्याच कँटनची.

तीन-साडेतीन तास हाताशी ठेवा, बूट आरामाचे घाला, बरोबर खेळ माहीत नसलेलं माणूस असेल तर आधी व्हिडिओ दाखवून मगच पुतळ्यांकडे न्या. आमच्या बाबांचं मत शेवटपर्यंत बॅरीलाच. परत येताना अॅक्रन ओलांडेपर्यंत फोन त्यांच्याच हातात होता, आणि मध्येच म्हणायचे, थांब गं, हे परत लाव, डावा पाय टाकला की उजवा तेच कळलं नाही.