गेजचा काटा खाली आला म्हणजे स्लॅब गेली असं नाही: आयक्लर घरात आम्हाला कसं फसवलं

सनीव्हेल, पालो आल्टो, सॅन मटेओ या भागात जुनं आयक्लर घर घेऊन ते स्वतः दुरुस्त करायला निघालेल्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. आपली बरीच मराठी मंडळी या घरांच्या प्रेमात पडतात, आणि पडावीत अशीच ती आहेत. जोसेफ आयक्लर या बिल्डरने १९४९ पासून पुढच्या पंचवीसेक वर्षांत कॅलिफोर्नियात अशी सुमारे ११,००० घरं बांधली. एकमजली, जवळजवळ सपाट छपराची, उघड्या लाकडी तुळयांची, मागच्या अंगाला जमिनीपासून छतापर्यंत काच. आमचं १९६१चं. कुणीतरी मधल्या काळात लाकडी पॅनेलवर पांढरा रंग फासला होता, ते बघून जीव तुटायचा. रंगात शिसं आहे का ते तपासून घेतलं आणि मग सुटीच्या दिवशी आम्ही दोघं तो काढत बसायचो. हे सगळं हाताने होतं, वेळ लागतो इतकंच.

हाताने होत नाही ती हीटिंग. या घरांना तळघर नाही, माळा नाही, गरम हवा खेळवणारे डक्ट नाहीत. फरशीखालच्या काँक्रीटच्या स्लॅबमध्ये नळ्या पुरलेल्या आहेत आणि त्यांतून बॉयलरचं गरम पाणी फिरतं. नळी डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे ती गेली असं कुणी सांगितलं की खोटं ठरवणार कसं? फसवणारा नेमका इथून आत शिरतो.

थंडी सुरू झाली आणि बॉयलरचा दाब रोज थोडा थोडा उतरायला लागला. एक माणूस आला. बोलणं गोड, या घरांची माहिती तोंडपाठ. कोरियन युद्धाच्या काळात तांब्याची टंचाई होती म्हणून आयक्लरने पोलादी नळ्या घातल्या, त्या आता आतून कुजल्या आहेत, असं त्याने सांगितलं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीच्या काही घरांबाबत ते खरंही आहे. पण आमचं घर त्यानंतरचं, आणि मॅनिफोल्डपाशी, म्हणजे सगळ्या नळ्या जिथे एकत्र येतात तिथे, फरशीतून वर येणारी नळी चक्क तांब्याची आहे. खऱ्या माहितीत खोटं मिसळलं की ऐकणाऱ्याला संशय येत नाही.

मग त्याने ‘प्रेशर टेस्ट’ केली. गेज लावलं, पंपाने दाब दर चौरस इंचाला ६० पौंडांपर्यंत नेला आणि आम्हाला काटा बघायला उभं केलं. काटा भराभर उतरला आणि तिशीच्या खाली जाऊन थांबला. ‘स्लॅब संपली,’ तो म्हणाला. जुन्या नळ्या तशाच सोडून छपरावरून डक्ट टाकायचे, ३८,००० डॉलर. कामाची माणसं अडकवून ठेवायला ४,८०० आजच हवेत, नाहीतर फेब्रुवारीशिवाय जमणार नाही. सासूबाई आमच्याकडे आलेल्या, त्यांचे गुडघे थंडीने धरलेले. चेक दिला. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘अगं, तो माणूस आत होता तेव्हा बाहेर भिंतीजवळच्या पाइपातून पाणी बदाबदा पडत होतं.’ सगळी चोरी त्या पाइपात होती. घरगुती बॉयलरला जो सुरक्षा व्हॉल्व्ह असतो तो सहसा ३० पौंडांना उघडतो, उघडायलाच हवा. या माणसाने बॉयलर नळ्यांपासून वेगळा न करताच ६० पौंड दाब चढवला. व्हॉल्व्हने आपलं काम केलं, त्या पाइपातून पाणी बाहेर गेलं, काटा पडला. स्लॅबमधल्या नळ्यांची परीक्षा झालीच नव्हती.

हे आम्हाला दुसऱ्या कारागिराने समजावलं. वर्षानुवर्षं फक्त याच घरांची हीटिंग बघणारा माणूस. त्याने आधी बॉयलरकडच्या दोन्ही झडपा बंद केल्या, गेज फक्त स्लॅबच्या नळ्यांवर ठेवलं, दाब भरला आणि रात्रभर तसंच राहू दिलं. सकाळी काटा होता तिथेच. गळती होती पंपाच्या जोडात, गॅस्केट वाळलेलं. थेंब गरम लोखंडावर पडून जागच्या जागी सुकायचा म्हणून ओल कधी दिसली नाही. जोडाखाली हिरवट-पांढरा खरखरीत थर मात्र साचला होता. ३४० डॉलरमध्ये काम झालं.

म्हणून कुणी टेस्ट करायला आला तर आधी विचारा: बॉयलर वेगळा केलास का? कुठल्या झडपा बंद केल्यास, दाखव. टेस्ट चालू असताना एकाने बाहेर व्हॉल्व्हच्या पाइपापाशी उभं राहा. पाच-दहा मिनिटांत निकाल देणाऱ्याला निरोप द्या. फरशी फोडायची भाषा कुणी केली तर त्याहून जास्त सावध व्हा. त्या काळच्या नऊ इंची टाइल्समध्ये आणि खालच्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. तपासणी झाल्याशिवाय हातोडा लागू देऊ नका, घरात लेकरं असतील तर मुळीच नाही.

पैशांचंही सांगते, कारण कायदा आपल्या बाजूचा आहे. कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीच्या कामाला आगाऊ रक्कम १,००० डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यांतली जी कमी असेल तेवढीच घेता येते. म्हणजे आमच्या कामाला १,००० च. ४,८०० मागणं हाच गुन्ह्याचा पुरावा होता. लायसन्सचा नंबर कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्डाच्या साइटवर फुकट तपासता येतो, पण नंबर चालू आहे एवढंच बघून थांबू नका. आमच्या कागदावरचा नंबर चालूच होता. फक्त तो भलत्याच माणसाच्या नावाचा आणि सी-३३ वर्गातला, म्हणजे रंगकामाचा निघाला. गरम पाण्याच्या हीटिंगचा वर्ग सी-४. नाव, वर्ग आणि चेक कुणाच्या नावे मागतोय, या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत.

आम्ही बोर्डाकडे तक्रार केली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. ज्याच्या नंबराचा गैरवापर झाला त्या रंगाऱ्यालाही कळवलं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तक्रार घटनेपासून चार वर्षांपर्यंत करता येते. तुमच्याकडेही अशीच टेस्ट करून कुणी आगाऊ पैसे नेले असतील तर चेकची दोन्ही बाजूंची प्रत, कराराचा कागद आणि त्याच्याशी झालेले मेसेज जपून ठेवा आणि तक्रार नक्की करा.