जुन्या निवाड्यांची स्कॅन सेवा: पाने उत्तम, सारांश नको

लेटर्स पेटंटच्या (हायकोर्ट स्थापणाऱ्या सनदेच्या) कलम १५ खाली, म्हणजे एका न्यायाधीशाच्या ‘जजमेंट’वर त्याच हायकोर्टाच्या मोठ्या पीठाकडे, अपील करायचे होते. आदेश अंतरिम, दाव्याचा निकाल अजून लांब. समोरचे वकील पहिल्याच तारखेला ‘अपील चालतच नाही’ म्हणणार हे उघड होते. म्हणून ‘जस्टिसेस ऑफ द पीस फॉर कलकत्ता विरुद्ध ओरिएंटल गॅस कंपनी’ हा १८७२ चा कलकत्ता हायकोर्टाचा निवाडा मुळातून हवा होता. ८ बेंगॉल लॉ रिपोर्ट्स (या निवाडेसंग्रहाचा आठवा खंड), पान ४३३, एवढेच सेवेला कळवले आणि सबंध निवाडा मिळाला.

स्कॅनला नाव ठेवायला जागा नाही. पानांचे मूळ क्रमांक शाबूत, शिवणीजवळची अक्षरेही कापलेली नाहीत. कोर्टापुढे पान सांगून वाचायचे असते, तेव्हा हेच लागते.

तिथले मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड कूच यांची व्याख्या सगळेच उद्धृत करतात: पक्षकारांमधल्या वादाच्या गुणदोषांना हात घालून एखादा हक्क किंवा दायित्व ठरवणारा निर्णय म्हणजे ‘जजमेंट’. पण लगेच पुढे ते सांगतात की असा निर्णय अंतिम, प्राथमिक किंवा अंतरिमही असू शकतो. मॅन्डॅमस (सार्वजनिक कर्तव्य पार पाडण्याचा कोर्टाचा हुकूम) काढण्याच्या आदेशावरचे ते अपील त्यांनी ऐकले नाही, हे खरे. तरीही अंतरिम आदेशांची वाट त्यांनीच मोकळी ठेवली. मला तर हे वाक्य व्याख्येइतकेच मोलाचे वाटते.

आणि सेवेने वर जोडलेल्या सारांशात नेमके तेच गाळले आहे! तिथे लिहिले आहे, ‘फक्त अंतिम आदेशावर अपील’. हे साफ चूक आहे. एखादी ज्युनिअर तेवढेच वाचून पक्षकाराला परत पाठवेल. हायकोर्टातल्या हायकोर्टात अपिलाची मुदत ३० दिवस. ती गेली की विलंबमाफीच्या अर्जाने सुरुवात. आपल्या मुंबईच्याच शाह बाबूलाल खिमजी प्रकरणात रिसीव्हर (वादातली मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेली व्यक्ती) आणि मनाईहुकूम नाकारणाऱ्या आदेशावर अपील चालते, हे सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्ये सांगितले आहे. सारांश लिहिणाऱ्याने निदान तेवढे तरी पाहायला हवे होते.

स्कॅनसाठी पाचपैकी पाच, सारांशाला शून्य. मागवताना १३ बेंगॉल लॉ रिपोर्ट्स, पान ९१ हेही सोबत मागवा. तिथे १८७४ मध्ये कूच यांनीच, दावा लावण्याची परवानगी रद्द करायला नकार देणाऱ्या आदेशावरचे अपील चालवून घेतले आहे.