विधिमंडळाचे कामकाज शिकवणारा लातूरचा रविवारचा वर्ग

लातूरमध्ये शिकवणी वर्गांची कमतरता नाही. मात्र ज्याच्या शेवटी कोणतीही प्रवेश परीक्षा नाही असा वर्ग येथे क्वचितच भरतो. शहरातील एका अभ्यासिकेच्या सभागृहात बारा रविवार, दर रविवारी दोन तास, राज्य विधिमंडळाचे कामकाज शिकवणारा असा एक वर्ग यंदा मी पूर्ण केला. शुल्क सहाशे रुपये होते. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो आणि तीन अधिवेशने, दोन सभागृहे, २८८ आणि ७८ सदस्य हे सारे फळ्यावर अनेकदा लिहून झाले आहे. तरीही गावातील एका पालकांनी मला विचारले, "सर, आमच्या पुलाचा प्रश्न सभागृहात लागला होता म्हणे, मग त्याचं उत्तर कुठं बघायचं?" तेव्हा मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नामुळेच मी या वर्गाला नाव नोंदवले.

शिकवणारे सर निवृत्त शासकीय अधिकारी आहेत. अधिवेशन जवळ आले की तालुक्यापासून मंत्रालयापर्यंत कार्यालयांत दिवे उशिरापर्यंत जळतात, रजा मिळणे अवघड होते आणि 'तारांकित प्रश्न आला आहे' एवढे म्हटले तरी सारा विभाग कामाला लागतो, हे त्यांनी वर्षानुवर्षे आतून पाहिले आहे. प्रश्नोत्तरांवरचे त्यांचे चार रविवार हे या वर्गाचे खरे बळ आहे आणि केवळ तेवढ्यासाठीही शुल्क सार्थकी लागले, असे मी म्हणेन.

पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या हाती छापील प्रश्नोत्तरांच्या यादीतील एका पानाची छायाप्रत दिली. 'हे खरे आहे काय', 'असल्यास', 'याप्रकरणी शासनाने चौकशी करून कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे', 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत' अशी त्या प्रश्नाची ठरलेली बांधणी आणि समोर मंत्र्यांचे उत्तर. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते, एवढे पुस्तकातही असते. परंतु प्रश्नाच्या पहिल्या भागात गावाचे नाव, महिना किंवा रक्कम यांपैकी एक तपशील जरी चुकला, तरी 'हे खरे नाही' असे उत्तर देण्यास वाट मोकळी होते आणि खालच्या सर्व भागांपुढे 'प्रश्न उद्भवत नाही' असे लिहिले जाते, हे मी प्रथमच शिकलो. आमच्या गावच्या पुलावर मी सरावासाठी लिहिलेल्या प्रश्नात पूल खचल्याचा महिना ऐकीव माहितीवरून घातला होता. सरांनी त्या एका शब्दाभोवती लाल गोल केला आणि ग्रामपंचायतीचा ठराव किंवा पंचनामा पाहूनच तारीख लिहून आणण्यास सांगितले. पुढच्या रविवारी पंचनाम्याची प्रत नेली, तेव्हा महिना खरोखरच वेगळा निघाला. अतिवृष्टीची नुकसानभरपाई असो, पीकविमा असो वा अर्धवट राहिलेला रस्ता असो, आमदारांकडे निवेदन घेऊन जाणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हा धडा एकदा घ्यावा असे मला मनापासून वाटते.

अधिवेशनांविषयीचा भाग चांगला, परंतु घाईने उरकलेला होता. सभागृह 'तहकूब' करणे, म्हणजे चालू बैठक थांबवणे, हा अध्यक्षांचा अधिकार आहे आणि अधिवेशन 'संस्थगित' करणे, म्हणजे ते संपवणे, हा राज्यपालांचा, हा फरक सरांनी नेमका सांगितला. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा अधिक अंतर पडता कामा नये, हे संविधानाच्या अनुच्छेद १७४ चे बंधन. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, तर हिवाळी अधिवेशन १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून नागपुरात, हेही आले. मात्र १९५६ पर्यंत मराठवाड्याचे आमदार हैदराबादच्या विधानसभेत बसत होते, ही या मातीतल्या श्रोत्यांना सर्वांत जवळची गोष्ट एका वाक्यात संपली. त्या काळावर अर्धा तास दिला असता, तर आज ८ जिल्ह्यांतून ४६ आमदार निवडून देणाऱ्या या विभागाला आपला आवाज किती वळणे घेऊन मुंबईपर्यंत पोहोचला हे समजले असते.

माझी मुख्य तक्रार नेतृत्वाच्या भागाविषयी आहे. त्यासाठी दोन रविवार राखून ठेवले होते आणि ते दोन्ही अध्यक्ष, सभापती, मुख्यमंत्री आणि विरोधी पक्षनेते यांची नावे व कार्यकाळ सांगण्यात गेले. यादी घरी वाचता येते. वर्गात त्या पदावर बसलेल्या माणसाला कोणत्या क्षणी काय ठरवावे लागते, हे उलगडायला हवे होते. त्याची उत्तम सामग्री मराठवाड्यातच आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी दोन्ही सभागृहांनी संमत केला, तेव्हा विधानसभेच्या अध्यक्षपदी आमच्या लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर होते. ठराव झाला, पण नामविस्तार प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडले आणि मधल्या वर्षांत येथील दलित वस्त्यांनी काय सोसले हे या भागातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. सभागृहाने संमत केलेला ठराव आणि शासनाने केलेली अंमलबजावणी यांतील अंतर समजावून सांगायला याहून मोठे उदाहरण मला तरी माहीत नाही. वर्गात चाकूरकरांचे नाव आणि कार्यकाळ तेवढा आला.

दुसरे उदाहरण फुलंब्रीच्या हरिभाऊ बागडे यांचे. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी ते अध्यक्ष झाले आणि त्याच दिवशी देवेंद्र फडणवीस सरकारवरील विश्वासदर्शक ठराव त्यांनी आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर केले. विरोधकांनी मतविभाजनाची, म्हणजे मते मोजण्याची, मागणी लावून धरली आणि मोठा वाद झाला. सरांनी आदल्याच रविवारी कामकाजाचे एक ध्वनिचित्रमुद्रण दाखवले होते. 'अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे' आणि लगेच 'होयचे बहुमत' हे शब्द काही सेकंदांत संपतात, हे आम्ही सर्वांनी ऐकले होते. त्या काही सेकंदांत अध्यक्षांच्या हाती किती मोठी सत्ता असते, हे तेथेच जोडून दाखवता आले असते. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी राजीनामा दिल्यापासून ३ जुलै २०२२ रोजी राहुल नार्वेकर निवडून येईपर्यंत अध्यक्षपद रिक्त होते. २०२४ च्या निवडणुकीनंतर विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपदासाठी प्रथेनुसार लागणारे एक दशांश, म्हणजे २९ सदस्य, एकाही विरोधी पक्षाकडे नव्हते. सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचे २० आमदार होते. रिकाम्या खुर्चीमुळे कामकाजात नेमके काय बदलते, हा प्रश्न मी विचारला. वेळ संपल्याने तो पुढच्या तुकडीवर गेला.

व्यवस्थेबद्दल दोन गोष्टी नोंदवणे आवश्यक आहे. सहावा रविवार आयत्या वेळी रद्द झाला आणि निरोप न मिळाल्याने औसा, निलंगा येथून एसटीने आलेली आम्ही सात माणसे बंद दारासमोर उभी होतो. सभागृहातील ध्वनिक्षेपक मागच्या तीन रांगांना ऐकू जात नाही, त्यामुळे ज्येष्ठ श्रोत्यांनी लवकर येऊन पुढे बसावे. छायाप्रतींचे वेगळे पैसे घेतले जात नाहीत, हे चांगले आहे.

ग्रामपंचायत सदस्य, पत्रकारिता करणारी मुले, शेतकरी संघटनांचे कार्यकर्ते आणि माझ्यासारखे शिक्षक यांनी हा वर्ग अवश्य करावा. स्पर्धा परीक्षेसाठी मुद्द्यांची वही हवी असलेल्यांच्या अपेक्षा येथे पूर्ण होणार नाहीत. नेतृत्वाच्या दोन रविवारांची फेरमांडणी करावी, असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे आणि त्यांनी ती सूचना स्वीकारली आहे. पुलाचा प्रश्न मी पंचनाम्यासह आमदारांच्या कार्यालयात दिला असून पोच माझ्याकडे आहे; त्या पालकांना उत्तर कोठे शोधायचे, तेही आता सांगितले आहे.