एमराल्ड कट हिरा: आठ महिने रोज बोटात घातल्यावर

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला अंगठी केली. एमराल्ड कट, म्हणजे छाटलेल्या कोपऱ्यांचा आयताकृती हिरा, १.०१ कॅरेट, रंग एच (जवळपास रंगहीन), क्लॅरिटी व्हीएस-२ (आतले दोष फार बारीक), पिवळ्या सोन्यात. आठ महिने झाले, झोपताना आणि कणीक मळतानाच काय ती काढते.

गोल हिऱ्यासारखी चमचम हवी असेल तर हा घेऊ नका. याचे पैलू लांब, एकाखाली एक पायऱ्यांसारखे. हात जरा कलला की एक अख्खी पट्टी लख्ख होते आणि शेजारची काळीभोर. सकाळी खिडकीपाशी चहा गाळताना ते बघत मी थांबते, अजूनही.

पण निवडताना फार दमले. जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचा कागद कटची, म्हणजे घडणीची, श्रेणी देतो ती फक्त गोल ब्रिलियंटला, म्हणजे नेहमीच्या चमचमत्या गोल हिऱ्याला. एमराल्ड कटला नुसती पॉलिश आणि सिमेट्री (पैलूंचा सारखेपणा) यांची श्रेणी मिळते, म्हणजे दोन्हीकडे 'एक्सलंट' लिहिलेला खडाही निर्जीव असू शकतो. आधी दाखवलेला खडा तसाच निघाला. वजन जवळपास हेच, पण खोली रुंदीच्या ७३ टक्के. सगळं वजन बुडाशी, वरून खडा लहान दिसायचा. आणि टेबलाखाली, म्हणजे वरच्या सपाट मोठ्या पैलूखाली, मधोमध एक काळा कण. दुकानदार म्हणाले, "व्हीएस-२ आहे ताई, नुसत्या डोळ्यांनी नाही दिसणार." दाराशी उजेडात नेला तर दिसला, शिवाय पैलूंमध्ये त्याची प्रतिबिंबं पडून एकाचे तीन वाटत होते. ब्रिलियंटच्या लखलखाटात असा कण लपून जातो. इथे टेबल म्हणजे उघडी खिडकी. तो खडा मी परत केला याचं मला आजही समाधान आहे.

माझ्या खड्यातही कण आहे, पण फिकट आणि कडेला, खडा धरणाऱ्या सोन्याच्या चिमट्याखाली झाकलेला. क्लॅरिटीच्या अक्षरांपेक्षा कागदावरच्या नकाशात कण कुठे आहे ते आधी बघा. कोपऱ्याजवळ फेदर, म्हणजे बारीक चीर असेल, तर जडवतानाच धोका.

माझ्या खड्याची खोली ६६ टक्के, लांबी-रुंदीचं प्रमाण १.४. खडा छापील कागदावर धरून तिरपा केला. मधून अक्षरं वाचता येत नव्हती. ती वाचता आली असती तर उजेड खालून निसटतोय असं समजायचं. एच रंग पिवळ्या सोन्यात अजिबात खटकत नाही. प्लॅटिनममध्ये मी एफ किंवा जी, म्हणजे एचपेक्षा कमी पिवळसर, घेतला असता, कारण या कटमध्ये पिवळसर झाक लवकर डोळ्यांत भरते.

तक्रार एकच, हातांना क्रीम लावलं की दोन दिवसांत खड्याचं पाणी उतरतं. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब, मऊ ब्रश, आणि खड्याच्या मागची बाजू नीट घासायची. सहाव्या महिन्यात ओढणी अडकायला लागली म्हणून दाखवलं, तर एक चिमटा सैल झाला होता. सोनाराने समोरच दाबून दिला.