आईच्या दंडावरचा साखरेचा सेन्सर: सात महिन्यांनंतर

आईचं एचबीए१सी (सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) गेली दोन वर्षं सातच्या आसपास यायचं. रिपोर्ट बघून आम्ही सगळे निर्धास्त. तरी सकाळी उठली की तिचं डोकं जड असायचं, उशी घामानं ओली. एकदा पहाटे मोरीच्या दारात पडली, तेव्हा डॉक्टरांनी दंडावर लावायचा सेन्सर सुचवला. वय ६८, अठरा वर्षांचा मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन, हे आधीच सांगतो. नुसत्या गोळ्यांवर असणाऱ्याचा अनुभव वेगळा असेल. सात महिन्यांत मध्ये खंड पाडत आम्ही नऊ सेन्सर वापरले.

कोटाच्या मोठ्या बटणासारखी चकती असते. दंडाच्या मागच्या बाजूला शिक्का मारल्यासारखं दाबायचं, टक् आवाज होतो, आणि केसासारखी बारीक, साधारण पाच मिलिमीटर लांब तार कातडीखाली बसते. सुई लगेच बाहेर. आई डोळे मिटून, मूठ आवळून बसली होती. "झालं? मला तर कायबी कळलं न्हाई," म्हणाली. तासाभरानं ब्लूटूथवरून आकडे मोबाईलवर यायला लागले. चौदा दिवसांनी काढून टाकायचा.

तिसऱ्या रात्री पावणेतीनला अलार्म वाजला. साखर ५८, म्हणजे फारच कमी. आई गाढ झोपलेली, कपाळाला हात लावला तर गार, घामेजलेलं. बोट टोचून ग्लुकोमीटरवर बघितलं, ६१. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी मोबाईल अजून ६३ दाखवत होता. घाबरून पुन्हा साखरेचा डबा उघडला, पण आधी बोट टोचलं आणि ९४ आलं. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली मोजतो; तिथं बदल पोचायला पाच-दहा मिनिटं, कधी त्याहून जास्त लागतात. साखर भराभर चढत-उतरत असेल किंवा अंगातली लक्षणं आणि आकडा जुळत नसतील, तर बोटाचाच आकडा खरा धरायचा. त्यामुळं सेन्सर घेतला म्हणून ग्लुकोमीटर कपाटात टाकू नका.

चौदा दिवसांचा आलेख घेऊन डॉक्टरांकडं गेलो. पाच रात्री, दोन ते चारच्या मध्ये, तशीच घसरण. आणि दुपारी जेवणानंतर २४० च्या वर. एचबीए१सी ही अडीच-तीन महिन्यांची सरासरी. रात्रीचा खड्डा आणि दुपारचा डोंगर मिळून सात होत होतं. त्या चांगल्या आकड्याखाली माझ्या आईच्या रात्री झाकल्या गेल्या, ही बोच अजून जात नाही. डॉक्टरांनी संध्याकाळचा डोस कमी केला. पुढच्या सेन्सरवर रात्रीची रेघ सरळ आली. माझ्या लेखी सगळे पैसे तिथंच वसूल झाले.

दुसरी गोष्ट गुळाची. "साखर नको, गूळ चालतो," हे आमच्याकडं घरोघर ऐकायला मिळतं. गुऱ्हाळावरची ढेप घरात कायम, आणि आईचा दिवसातून तीन वेळा गुळाचा चहा. एक दिवस साखरेचा चहा दिला, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी गुळाचा, आणि दोन्ही रेघा तिला शेजारी शेजारी दाखवल्या. चढ सारखाच. बराच वेळ बघत राहिली. मी दहा वर्षं समजावलेलं जे पटलं नव्हतं, ते त्या रेघेनं पटवलं. मिसळीचंही तसंच, कटापेक्षा स्लाइस ब्रेडनं साखर जास्त चढते. आता एकच स्लाइस.

त्रासही आहेत. तिसरा सेन्सर पाचव्या दिवशी ब्लाउज काढताना बाहीत अडकून निघाला. कंपनीनं बदलून दिला. पुढं आणखी एक तसाच गेला तेव्हा नाही दिला. आता बाहीच्या काठाखाली दोन बोटं जागा सोडून लावतो आणि वरून चिकटपट्टी. आई डाव्या कुशीवर झोपते, त्यामुळं डाव्या दंडावर भार पडला की आकडा खोटा खाली जायचा. मोबाईल ५२, ग्लुकोमीटर ११२. उजव्या दंडावर लावल्यापासून ते बंद झालं. सर्वांत धोक्याचं म्हणजे मोबाईलचा बॅटरी सेव्हर. त्यानं रात्री ॲप बंद पाडलं होतं आणि अलार्म वाजलाच नाही. त्या ॲपपुरता सेव्हर बंद ठेवा, आवाज एकदा तपासूनच झोपा.

किंमत मोठी आहे. मला एक साडेचार हजारांच्या आसपास पडला, म्हणजे सलग लावला तर महिन्याला नऊ हजार. आम्हाला ते कायम झेपणारं नाही. आता डोस बदलला की लावतो, नाहीतर दोन महिन्यांतून एकदा.

सुरुवातीला मी दुकानातून तासातासाला तिचा आकडा बघायचो आणि फोन करायचो, "आई, काय खाल्लंस?" एका रविवारी जेवताना तिनं माझा मोबाईल पालथा घातला. "सारखं त्यात काय बघालायस? मी हितं हाय की, माझ्याकडं बघ." तेव्हापासून फक्त अलार्म चालू ठेवलाय. रात्री तिच्या उशाशी साखरेची पुडी, पाण्याचा तांब्या आणि ग्लुकोमीटर असतो.