समानता अहवाल काढायचाय? आधी ग्रंथपालांना गाठा

पीएचडीवाल्यांना ग्रंथालयाकडून हल्ली एकच गोष्ट हवी असते: समानता, म्हणजे प्रबंधाचा दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा भाग, दहा टक्क्यांच्या आत आहे असा शिक्का मारलेला कागद. तो मला मिळाला. पण या सेवेला मी पाचपैकी साडेचार तारे देतेय ते ग्रंथपाल मॅडम शेजारी बसून माझा अहवाल ओळ न् ओळ वाचत होत्या म्हणून. ग्रंथालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माणसं मोजकी आहेत, आणि प्रबंध द्यायची तारीख जवळ आली की तिथे उभं राहायला जागा नसते.

मी फोंड्याला शाळेत शिकवते. पीएचडीचा विषय पोर्तुगीज अमदानीतली गोव्यातली मराठी नियतकालिकं. शनिवारी शाळा लवकर सुटते, तेव्हा कदंब बस पकडून ग्रंथालय गाठायचं, असा क्रम.

तपासणीला मला पैसे पडले नाहीत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची 'शोधशुद्धी' ही समानता तपासायची सोय २०१९ पासून विद्यापीठांना मिळते. त्यासाठी आधी उर्कुंड नावाचं सॉफ्टवेअर होतं, आता ड्रिलबिट. बाहेर कुणी पैसे घेऊन अहवाल काढून देतो म्हणालं तर फाइल देऊ नका. ती कुठल्या साठ्यात जाऊन बसेल सांगता येत नाही, आणि पुढे खऱ्या तपासणीत तुमचाच प्रबंध तुमच्यावर उलटू शकतो.

पहिल्या अहवालात माझं तिसरं प्रकरण २७ टक्के निघालं. माझा चेहरा बघून मॅडम म्हणाल्या, "कित्याक भियेता गो? आधी रंग कुठे लागलाय ते बघूया." जुळलेल्या मजकुराचा रंग लागला होता जुन्या अग्रलेखांच्या लांब उताऱ्यांना. हेच उतारे शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यातल्या दुसऱ्या एका प्रबंधातही होते. मी ते समास सोडून, आत सरकवून दिले होते. खाली अंक-तारखेसकट संदर्भही होता. पण अवतरणचिन्हं नसली की यंत्राला ते उतारे आहेत हे कळत नाही. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांप्रमाणे श्रेय देऊन घेतलेले उतारे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजायचेच नसतात. योगायोगाने जुळलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडेही सोडायचे. एवढं वगळल्यावर ८ उरले. त्यातलेही दोन परिच्छेद मॅडमनी पेन्सिलीने अधोरेखित केले. संदर्भ होता, पण वाक्यरचना मूळ लेखकाचीच राहिली होती. आठ टक्के नियमात बसत असताना हे कोण सांगतं?

नियमांतले टप्पे सगळ्यांना पाठ असतात. दहापर्यंत काही नाही. चाळीसपर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या. साठपर्यंत वर्षभर थांबा. त्यावर नोंदणीच रद्द. त्यामुळे सगळ्यांचं लक्ष आकड्यावर. मराठीत मात्र आकडा फसवतो, आणि तोही आपल्या बाजूने.

माझं एक प्रकरण टायपिंगवाल्याने जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलं होतं. त्याचा अहवाल आला शून्य टक्के. माझ्यासोबतची एक मुलगी म्हणाली, नशीबवान आहेस. मॅडमनी फाइलमधला मजकूर उचलून साध्या नोटपॅडमध्ये टाकला, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. यंत्राने मराठी वाचलंच नव्हतं. प्रकरण युनिकोडमध्ये उतरवून पुन्हा तपासायला लावलं. स्कॅन केलेल्या पीडीएफचीही हीच गत; पानाचा फोटो आहे, आत अक्षरं नाहीत.

यापेक्षा मोठी पळवाट भाषांतराची, आणि गोव्यात ती आपल्या दारातच आहे. पोर्तुगीज ग्रंथातली दोन पानं नीट मराठीत उतरवून काढली, तर अहवालात ती स्वच्छ दिसण्याचीच शक्यता जास्त. आमच्याकडे पोर्तुगीज वाचणारे परीक्षक किती? मॅडमनी माझी संदर्भसूची समोर ठेवून थेट विचारलं, "हे मूळ पोर्तुगीज तू स्वतः वाचलंस, की कुणाच्या इंग्रजी पुस्तकातून घेतलंस?" दुसरं असेल तर तसं लिहायचं: अमुक लेखकाने उद्धृत केल्याप्रमाणे. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मूळ अंक बघता येईल तर बघ, असंही सांगितलं. ते ग्रंथालय १८३२ पासूनचं. आपल्या विषयाचं बरंच काही तिथे, पणजीच्या पाटो भागात, आहे हे माझ्या मार्गदर्शकांनी कधी सांगितलं नव्हतं.

आणखी एक काम त्या करतात, त्याची पाटी कुठे नाही. लेख कुठे पाठवू हे विचारलं तर नियतकालिकाची कुंडली काढून देतात: संपादक मंडळातले लोक खरेच तिथे आहेत का, आयएसएसएन हा नियतकालिकाचा क्रमांक जुळतो का, की नामांकित नियतकालिकाच्या नावाची नक्कल आहे. युजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५च्या फेब्रुवारीत बंद केल्यापासून या पारखीची गरज वाढलीच आहे. झोटेरो हे संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर त्यांनीच माझ्या लॅपटॉपवर घालून दिलं. आपण साठवलेला एखादा लेख चुकीचा ठरून नियतकालिकाने नंतर मागे घेतला तर ते तसा इशारा देतं. माझ्या विषयात हे क्वचित, पण विज्ञानवाल्यांनी तरी वापरावंच.

अर्धा तारा कापला तो दोन कारणांनी. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत आहे, आणि मराठी-कोंकणीच्या विद्यार्थ्यांना फॉन्टची सूचना त्यात कुठेच नाही. ती एक ओळ असती तर माझे टायपिंगचे पैसे वाचले असते. दुसरं, ही शेजारी बसून वाचण्याची सेवा मॅडमच्या स्वभावावर चालते. त्या रजेवर असताना गेलेल्या एका सहकाऱ्याला काउंटरवरून आकडा मिळाला आणि बस्स.

जाणार असाल तर युनिकोडमधली वर्ड फाइल न्या, प्रकरणं वेगवेगळी ठेवा, आणि जमेल तर मंगळवार-बुधवारी सकाळी जा. सोमवारी मार्गदर्शकांनी पाठवलेल्यांची झुंबड असते.